लाकडी सेल

श्रीगोंद्याच्या बसस्थानकासमोर एक फ्लेक्स लागला आहे. त्यावर निळा एप्रन घातलेली एक तरुण बाई उभी आहे. डोळ्यांवर जाड पारदर्शक चष्मा, हातात हिरव्या सेलांचा बांधलेला गठ्ठा, आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, 'देशाची बॅटरी, आमच्या हातांनी'. शेजारी प्रशिक्षण केंद्राच्या संचालकांचा फोटो आहे, तिच्यापेक्षा दुप्पट मोठा. नव्या बॅचचे प्रवेश सुरू आहेत.

त्या रस्त्याने जाताना मला तो फ्लेक्स टराटरा फाडावासा वाटतो. अजून फाडलेला नाही, कारण मी भित्री आहे, आणि हे पुढे दिसेलच. फोटोतल्या बाईच्या हातातले सेल लाकडाचे आहेत. तिचा गळा मोकळा दिसतो, पण तो मोकळा नाही. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सरकवून सेफ्टी पिनेने अस्तराला अडकवलं आहे. ते कसं अडकवायचं हे तिला मी शिकवलं होतं.

मी इलेक्ट्रिशियन ट्रेडची मास्तरीण. वडील नगरला वायरमन होते. आमच्या चर्चमधले पंखे, दिवे, नाताळची रोषणाई सगळं तेच करायचे आणि मी त्यांच्या शिडीखाली टेस्टर धरून मोठी झाले. पुढे आयटीआयमध्ये कंत्राटावर मुलांना शिकवत राहिले. कंत्राट दरवर्षी नवं व्हायचं, एका वर्षी ते झालं नाही. लग्न केलं नाही. ते का, हे विचारणाऱ्यांना मी आयुष्यभर जी उत्तरं दिली त्यांवरून माझा स्वभाव कसा आहे ते सगळ्यांना कळलेलं आहे.

सरकारच्या बॅटरी धोरणाबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. हे आज सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. गाड्या विजेवर चालणार, त्यांचे सेल मात्र परदेशातून खोक्यांत भरून येणार, हे किती दिवस चालवायचं? आपल्याकडे कारखाने निघाले पाहिजेत, जो जास्त बनवेल त्याला सरकारने जास्त हातभार लावला पाहिजे, गावागावांतून शिकलेले हात तयार झाले पाहिजेत. यात चुकीचं काय आहे? मी ते कागद छापून घेतले आणि पेन्सिलीने खुणा करत वाचले. खनिजं, कारखाने, संशोधन, सवलती यांच्यावर पानंच्या पानं होती. माणसांसाठी 'कुशल मनुष्यबळ' एवढे दोन शब्द होते. त्या शब्दांखाली मी दोनदा रेघ मारली. वाटलं, हे आपलं काम.

त्याच सुमारास श्रीगोंद्यात केंद्र निघालं. संचालकांचं मंगल कार्यालय होतं. लग्नं कमी आणि जागा मोठी, म्हणून वरच्या मजल्यावरच्या जेवणाच्या हॉलमध्ये त्यांनी हे केंद्र थाटलं. पंगतीची लांब टेबलं तीच, फक्त वर रबराची चादर. भिंतीवर 'आपण सर्वांनी पोटभर जेवावे' अशी पाटी होती, ती काढायची राहिली होती. मला म्हणाले, "मॅडम, राष्ट्रीय काम आहे." मीही मान डोलावली. राष्ट्रीय काम म्हटलं की माझी मान आपोआप डोलते, शाळेपासूनची खोड आहे.

बॅचमध्ये आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका होत्या. बहुतेक लग्न झालेल्या, दहावी-बारावी शिकलेल्या, शिकून घरात बसलेल्या. त्यांत एक जामखेडकडची होती. माहेर जामखेडच्या कोरड्या भागातलं, सासर इथल्या ऊसपट्ट्यातलं. नवरा साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. सगळ्या तिला जामखेडचीच म्हणायच्या, मीही म्हणायला लागले. पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला विचारलं, इथे कशाला आलात? कुणी म्हणाली नवऱ्याने पाठवलं, कुणी म्हणाली प्रमाणपत्र मिळतं. जामखेडचीने दोन्ही हात पुढे केले. उसाच्या पात्यांनी कापलेल्या बारीक बारीक रेघा मनगटापर्यंत होत्या.

"मला उसात जायचं न्हाई, बाई," ती म्हणाली. "बाकी कुटंबी जाईन."

मला ते उत्तर आवडलं. मी तिला पहिल्या बाकावर बसवलं.

सेल येणार होते, पण आले नाहीत. दर आठवड्याला मी विचारायची आणि संचालक सांगायचे, "वरून निघालेत." वरून म्हणजे कुठून हे त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच पोतं घेऊन आले आणि टेबलावर रिकामं केलं. खडखड करत लाकडाचे गोल तुकडे बाहेर पडले. बाजेचे पाय आणि लाटणी बनवणाऱ्या गावातल्या सुताराकडून त्यांनी ते लेथवर कातून घेतले होते. बरोबर सेलाच्या मापाचे, हिरवा रंग दिलेले, एका टोकाला लाल ठिपका.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सरावाला. खरे आले की बदलू. आकार तर तोच आहे ना?"

मी हसले. आणि हसले तिथेच फसले. त्या क्षणी पोतं उचलून जिन्यावरून खाली फेकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी हसले, आणि बायकाही हसल्या. त्यांना ते विटीदांडूतल्या विट्यांसारखे वाटले, म्हणून त्यांचं नाव विट्या पडलं. मग आम्ही विट्यांवर शिकू लागलो. विट्या खोबणीत बसवायच्या, लाल टोक कुठे आणि साधं टोक कुठे ते बघायचं, वरून पत्र्याची पट्टी ठेवायची, वेल्डिंगच्या जागी मार्करने टिंब काढायचं.

घरातल्या विजेत आणि बॅटरीत एक मोठा फरक आहे. घरातली वीज बटण बंद केलं की थांबते. बॅटरीला बटण नसतं. सेल एकमेकांना जोडले की ते जिवंत असतात, टेबलावर ठेवले तरी, पिशवीत ठेवले तरी. त्यावर पाना पडला, किल्ली पडली, अंगठी टेकली, तर एका क्षणात तो धातू लाल होतो. हे मला माहीत होतं. म्हणून विट्या असल्या तरी एक दिवस मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कामावर असताना अंगावर धातू नको.' आणि सांगितलं, उद्यापासून बांगड्या, जोडवी, अंगठी, मंगळसूत्र, सगळं घरी काढून यायचं. बायकांनी वहीत उतरवून घेतलं. कुणी काही बोललं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी निम्म्याच आल्या. अकराच्या सुमारास जामखेडचीची सासू जिना चढून वर आली. किरकोळ अंगाची, नऊवारीतली, डोक्यावर पदर घट्ट. चपला तिने जिन्यातच काढल्या होत्या. ती थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"मंगळसूत्र काडायला तुमीच सांगितलं का?"

"हो. कामासाठी. धोका असतो त्यात."

"धनी जित्ता हाय तिचा. तो दिसभर ट्रॅक्टर हाकतोय रस्त्यावर, आन् हिनं गळा उघडा ठिवायचा व्हय? तुमच्यात चालत आसंल."

"तुमच्यात" हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्या बायकाही मंगळसूत्र घालतात, त्यात क्रूस असतो, हे मी तिला शांतपणे सांगू शकले असते. ते सांगितलं नाही. माझं डोकं फिरलं.

"तुमच्यासारख्या अडाणी बायकांमुळेच या पोरी पुढे जात नाहीत," मी म्हणाले. सगळ्या वर्गासमोर म्हणाले. "तुम्ही उसातच राहा. विजेतलं तुम्हाला काय कळतं?"

ती आधी माझ्याकडे पाहत राहिली, मग सुनेकडे पाहिलं, मग फळ्याकडे. फळ्यावरचं तिला वाचता येत नव्हतं. तरी ती त्याच ओळीकडे पाहत होती.

संचालक खालून धावत आले. त्यांनी सासूला 'मावशी, मावशी' करत खुर्ची दिली, ती बसली नाही. मग मला बाजूला, भांडी ठेवायच्या खोलीत, नेलं. "मॅडम, लाकडाला कुठे करंट असतो? पोरी यायच्या बंद झाल्या तर बॅच मोडेल. बॅच मोडली तर केंद्र मोडेल. एका ओळीसाठी?"

मी म्हणाले, ही ओळ सोडली तर बाकी शिकवण्यात अर्थ नाही. हे मी नक्की म्हणाले, मला आठवतंय. आणि त्यानंतर बाहेर जाऊन डस्टर उचललं आणि ती ओळ पुसली. सासू पाहत होती. मला वाटलं, जिंकली ही. तिचा मला इतका राग आला की मी बायकांना म्हणाले, "वहीतही खोडा. तुमच्या घरच्यांना चालत नाही ना? मग खोडा." तो त्यांच्यावरचा टोमणा होता. त्यांनी तो सूचना म्हणून घेतला आणि माना खाली घालून खोडू लागल्या.

पुढचे दिवस मी कोरडेपणाने शिकवलं. जामखेडची मात्र विट्यांवर अशी काही तयार झाली की बघत राहावं. तिचे हात डोळ्यांच्या पुढे चालायचे. बाकीच्यांचा एक गठ्ठा होईपर्यंत तिचे दोन व्हायचे, एकही विटी उलटी नाही. ती विचारायची, "बाई, खरा सेल जड असतो का?" मी सांगायची, थोडा जड असतो. "गरम लागतो का?" मी म्हणायची, नाही, लागला तर समजायचं काहीतरी चुकलं. तिला यापुढे काही विचारता येत नव्हतं, कारण तिने सेल पाहिलाच नव्हता. न पाहिलेल्या वस्तूबद्दल माणूस काय विचारणार?

परीक्षेच्या आधी सूचना आली. परीक्षक बाहेरून येणार, प्रत्येकीचा काम करतानाचा फोटो ठिकाणासह वेबसाइटवर चढवायचा, आणि फोटोत अंगावर दागिना दिसता कामा नये. दिसला तर फोटो नाकारला जाईल. संचालक कागद घेऊन माझ्याकडे आले. आता सासवांना परत कोण तोंड देणार?

तोडगा मी काढला. मीच काढला, कुणी माझ्या डोक्यावर बंदूक ठेवली नव्हती. बांगड्या कोपरापर्यंत वर सारायच्या आणि त्यावर एप्रनची बाही ओढायची. जोडवी बुटात. मंगळसूत्र आत सरकवायचं, वाट्या डाव्या बाजूला घेऊन ब्लाउजच्या अस्तराला सेफ्टी पिनेने टाचायचं, म्हणजे वाकलं तरी बाहेर येत नाही. एकेकीला समोर उभं करून मी ते करून दाखवलं. जामखेडचीचं मी स्वतःच्या हाताने टाचलं. "वाक बरं," मी म्हणाले. ती वाकली. काही बाहेर आलं नाही. "झकास," मी म्हणाले.

त्या दिवसासाठी एका स्कूटरच्या दुकानातून खरी बॅटरी मागून आणली होती. ती काचेच्या पेटीत ठेवली, पेटीला झेंडूचा हार घातला. कुणी हात लावायचा नाही, दुपारी परत द्यायची होती. परीक्षक आले, हाराला नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं आणि टेबलांवरून फिरू लागले. जामखेडचीपाशी थांबले. तिचा वेग पाहून खूश झाले.

मी त्यांच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, "सर, हे लाकडाचे आहेत."

"दिसतंय मला," ते म्हणाले. "पण माझ्या फॉर्मात 'सेल उपलब्ध आहेत काय' एवढाच रकाना आहे. कशाचे, असं विचारलेलं नाही." त्यांनी 'होय'वर खूण केली. खाली 'सुरक्षेचे शिक्षण दिले' यापुढे प्रशिक्षकाची सही हवी होती. मी केली.

फ्लेक्सवरचा फोटो त्या दिवसाचा.

महिन्याभरात तिला सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम लागलं. विजेवर चालणाऱ्या रिक्षांच्या बॅटऱ्या तिथे बांधल्या जात. सेल तिथेही बाहेरूनच यायचे, खोक्यांवर परदेशी अक्षरं असायची, हे तिनेच मला फोनवर सांगितलं. फक्त जोडायचं आणि वरचं आवरण चढवायचं काम आपलं. "पर बाई, खरे हायेत," ती म्हणाली. "हातात घेतलं तर बारक्या पोराच्या मुठीयेवढं वजन लागतं. मला लई भारी वाटतंय." कंपनीची बस तिला सकाळी रस्त्यावर घ्यायला यायची. उसाच्या फडाच्या कडेला ती एप्रन घालून उभी असायची आणि तिच्याबरोबरीच्या बायका कोयते घेऊन पुढे जायच्या. हे सांगताना तिला इतकं हसू येत होतं की मलाही आलं. त्या दिवशी मला वाटलं, विट्या तर विट्या, एक तरी सुटली.

कारखान्याच्या फाटकावर पाटी होती, दागिने घालून आत येऊ नये. पाहणारा एक माणूस असायचा, तो गळा आणि हात नजरेने बघायचा आणि आत सोडायचा. तिच्या दृष्टीने यात नवं काही नव्हतं. नियम तिला ठाऊक होता. दागिना दिसला नाही पाहिजे, हा तो नियम. रोज बसमध्ये बसल्या बसल्या ती वाट्या डावीकडे घेऊन पिनेने टाचायची, मी दाखवलं होतं तसं.

पिन उघडली. एवढंच झालं. ती उघड्या बॅटरीवर वाकली होती, पट्ट्या बसवत होती, पिन उघडली आणि मंगळसूत्र खाली लोंबून दोन टोकांना टेकलं. तिने ते ओढायला उजव्या हाताने धरलं.

मला कळलं ते तीन दिवसांनी, आणि तेही कारखान्याच्या पत्रामुळे. पत्र केंद्राच्या नावे होतं. भाषा सभ्य होती. आपल्या प्रमाणित प्रशिक्षणार्थीस अंगावर धातू न ठेवण्याबाबत शिकवले होते काय, ते लेखी कळवावे. संचालकांनी कारखान्यात फोन करून नीट विचारून घेतलं होतं. शिकवलं होतं असं निघालं तर तिने जाणूनबुजून नियम मोडला, तिची नोकरी गेली. शिकवलं नव्हतं असं निघालं तर दोष केंद्राचा, तिला बरी झाल्यावर नव्याने शिकवून परत घेतील.

"तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं ना?" संचालक म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी फार गोड होता. "मग तिच्या वहीत असणारच. वही घेऊन या. त्या पानाचा फोटो लावू, विषय संपला. तुमची सही आहे मॅडम, माझी नाही."

मी नगरला गेले. आता जिल्ह्याचं नाव बदललंय, बसवरच्या पाट्या बदलल्यात, पण जळालेलं माणूस 'नगरला नेलं' असंच अजून सगळे म्हणतात. खरं सांगते, मी तिला बघायला गेले नव्हते. मी वही आणायला गेले होते. बसमध्ये बसून मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, की ओळ मी लिहिली होती, घरच्यांनी विरोध केला, माझा नाइलाज झाला. सगळी वाक्यं खरी होती.

तिच्या गळ्याभोवती आणि छातीवर पट्ट्या होत्या. उजवा हात गुंडाळून उशीवर ठेवला होता. सासू खाली सतरंजीवर बसली होती. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकची पुडी होती, आत काळे मणी आणि वितळून एकात एक झालेला सोन्याचा खडा. मला पाहून ती उठली नाही.

"बाई, कामावरून काडतील का मला?" जामखेडचीने विचारलं. बाकी काही नाही. दुखतंय असंही म्हणाली नाही. "उसात कोयता धरता येनार न्हाई आता या हातानं. आन् हितूनबी काडलं तर मी काय करू?"

मी म्हणाले, बघू. आणि वहीबद्दल विचारलं. मी कशासाठी विचारतेय हे तिला सांगितलं नाही. तिने सासूला सांगितलं, सासूने तिच्या कामावर न्यायच्या पिशवीतून वही काढून माझ्याकडे न बघता पुढे केली. मी पानं उलटली. सुरेख अक्षर होतं, तारखा, समास, आकृत्यांना पेन्सिलीची छाया. ती ओळ सापडली. 'कामावर असताना अंगावर धातू नको.' तिच्यावर लाल पेनाने आडवी रेघ होती, पट्टी धरून मारलेली. आणि समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'बाईंनी खोडायला सांगितले.'

मी ते दोनदा वाचलं. वही मिटली. खोलीत पंखा चालू होता, त्याचा बेअरिंग गेलेला आवाज येत होता.

"तवा तुमी पुसलं का?" सासूने विचारलं. पहिल्यांदाच बोलली. "मी अडानी. मला काय ठावं? तुमी तर शिकल्याल्या. तुमी का पुसलं?"

संचालकांवर ढकलता आलं असतं, तिच्यावरही ढकलता आलं असतं. ती तयारी करूनच मी आले होते. पण माझ्या हातातल्या वहीत 'बाईंनी' असं लिहिलेलं होतं, आणि त्या बाई म्हणजे मीच. मला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि स्वतःची इतकी किळस मला याआधी कधी आली नव्हती.

उत्तर मी दवाखान्यासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभ्याने लिहिलं. शिकवले नव्हते. उलट, दागिना आत लपवून सेफ्टी पिनेने कसा टाचायचा हे मी स्वतः शिकवले. सराव लाकडी तुकड्यांवर झाला. खोडलेल्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. खाली सही केली आणि केंद्राकडे न नेता थेट कारखान्याला रजिस्टर पोस्टाने पाठवलं.

संचालकांना कळलं तेव्हा त्यांचा गोडवा संपला. "स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतलीत, वर माझ्याही," ते म्हणाले. त्यांच्या पायाला काहीच झालं नाही. एक चौकशी आली, जेवून गेली. मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका सांगितलं. माझ्या जागी आयटीआयमधून नुकता निघालेला एक मुलगा नेमला. विट्यांना नवा रंग दिला म्हणतात. आणि फ्लेक्ससाठी त्यांना सगळ्यांत चांगला फोटो तिचाच सापडला.

कारखान्याने तिला परत घेतलं. सेलच्या लाइनवर नाही, शेवटच्या विभागात, जिथे तयार बॅटऱ्या खोक्यात घालून 'भारतात निर्मित' असा छाप मारतात. उजव्या हाताची मूठ पूर्ण मिटत नाही, शिक्का डाव्या हाताने मारते.

तिची वही माझ्याकडेच राहिली होती. ती कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मी ती द्यायला वस्तीवर गेले. चहूबाजूंनी ऊस, मध्ये दोन खोल्यांचं घर, दारात ट्रॅक्टरचं जुनं चाक. सासू ओट्यावर मटकी निवडत होती. बसा म्हणाली नाही, मी बसले. चहाचं कुणी विचारलं नाही. जामखेडची बाहेर आली आणि माझं लक्ष आधी तिच्या गळ्याकडे गेलं. व्रणांवर, कातडी अजून गुलाबी होती तिथे, काळ्या मण्यांची बारीक पोत होती. सुती दोऱ्यात ओवलेली. वाटी नाही, तार नाही, मागे साधी गाठ. धातूचा कण नव्हता तिच्यात.

"ही कुठून आणली?" मी विचारलं.

"आत्यांनी ववली," ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची.

"म्हणजे हे चालतं?" माझ्या तोंडून निघून गेलं. "दोऱ्यातलं?"

सासूने सुपातून मान वर केली. तिच्या गळ्यातही तशीच पोत होती, उन्हाने आणि घामाने दोरा तपकिरी झालेला. ती त्या दिवशी जिना चढून आली तेव्हाही हीच असणार. मी तिच्याशी अर्धा हात अंतरावरून भांडले होते.

"उसात जाताना समद्या हीच घालत्यात," ती म्हणाली. "सोनं घालून फडात कोन जातं? पात्यात अडाकतं." मग खाली बघून मटकीतला खडा काढला आणि अंगणात टाकला. "तवा मला इचारलं आसतं, तर दुसऱ्या दिवशीच पोरीला ववून दिली आसती. तुमी इचारलंच न्हाई. फळा पुसला."